‘कालिदास’मधला पुजारी आणि वासू-सपना

वासू-सपनाची गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही. १९८१ साली जे कॉलेजात होते त्यांना ती तोंडपाठ आहे, आणि त्यांच्या मुलांनी ती टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली आहे. ‘एक दूजे के लिये’ घरी बघायचा एक फायदा म्हणजे कडेलोटाचा शेवट पळवता येतो आणि सुरुवातीची नावं थांबवता येतात. मी दोन्ही करते. निर्माता म्हणून एल. व्ही. प्रसाद हे नाव आलं की माझं बोट रिमोटवर थांबतं. चेन्नईत हे नाव साळिग्रामममधल्या स्टुडिओच्या पाटीवर इतकं सवयीचं झालंय की त्यामागे कुणी माणूस होता हे विसरायला होतं. या माणसाच्या मागे मी बरीच वर्षं आहे.

प्रसाद आंध्रातल्या एलुरूजवळच्या खेड्यातले. सिनेमाच्या वेडापायी मुंबई गाठली आणि पडेल ते काम केलं. १९३१ साली अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीच्या ‘आलम आरा’त त्यांना बारीकसं काम मिळालं. त्याच वर्षी त्याच कंपनीने एच. एम. रेड्डींकडून ‘कालिदास’ करून घेतला. तमिळ सिनेमाच्या इतिहासात पहिला बोलपट म्हणून याचंच नाव घेतात. पण त्याला तमिळ म्हणायचं तरी कसं? नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळमध्ये बोलायच्या, नायक पी. जी. वेंकटेशन तेलुगूत उत्तर द्यायचे, मधूनच हिंदीही यायची. गाण्यांत त्यागराजांच्या तेलुगू कृती होत्या आणि कालिदासाच्या काळाशी काडीचा संबंध नसलेली काँग्रेसची देशभक्तिपर गाणीही. चित्रीकरण मुंबईत झालं. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी मद्रासच्या किनेमा सेंट्रलमध्ये तो लागला. रिळांच्या पेट्या आल्या तेव्हा लोकांनी फुलं उधळून, उदबत्त्या लावून त्यांची मिरवणूक काढली म्हणतात. नायक-नायिका वेगवेगळ्या भाषांत प्रेम करतायत याचं त्या प्रेक्षकांना अप्रूप होतं. तक्रार फारशी नव्हती.

या ‘कालिदास’मध्ये देवळातल्या पुजाऱ्याचं विनोदी काम प्रसादांनी केलं होतं. बरोबर ५० वर्षांनी ते अशा हिंदी चित्रपटाचे निर्माते झाले, ज्यात नायक तमिळ, नायिका हिंदी भाषक, आणि दोघांमध्ये बोलण्यापुरतीसुद्धा सामाईक भाषा नाही. ‘कालिदास’ची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. याची मला खरोखर चुटपुट लागते.

मधली वर्षं झरझर उरकते: तेलुगू-तमिळ दिग्दर्शन, राज कपूरला घेऊन ‘शारदा’, पुढे ‘मिलन’, ‘खिलौना’. दक्षिणेतली चाललेली गोष्ट उचलायची आणि हिंदीत नीट बेतून शिवायची, यात प्रसादांचा हात धरणारा विरळा. १९७८ साली के. बालचंदर यांच्या ‘मरो चरित्र’ने त्यांच्यासमोर अशीच गोष्ट ठेवली.

बालचंदर मूळचे मद्रासच्या अकाउंटंट जनरल ऑफिसातले नोकरदार. हौशी नाटकं करता करता सिनेमात आले. ‘मरो चरित्र’ तेलुगू. विशाखापट्टणमची तेलुगू मुलगी आणि शेजारचा तमिळ मुलगा. रंगीत चित्रपटांचा जमाना असताना हा कृष्णधवल. नायिका सरिता अगदी नवखी, सावळी, गोल चेहऱ्याची. हा तेलुगू चित्रपट मद्रासमध्ये तमिळ आवाज न चढवता माउंट रोडच्या सफायरमध्ये लागला. एका इमारतीत तीन पडदे असलेलं हे संकुल तेव्हा, १९६४ पासून, शहराची शान होतं. तिथे तो ५९६ दिवस चालला असं सांगतात. एवढ्या लांब मुक्कामाचे आकडे मी नेहमी थोडे कमी करून घेते, तरी दीड वर्षाच्या आसपास काही तरी उरतंच.

मराठी वाचकाला याची गंमत लवकर कळेल. आपण ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ म्हणत होतो, त्याच्या थोडं आधी तेलुगू लोक ‘मद्रास मनदे’, म्हणजे मद्रास आमचंच, म्हणत होते. वेगळ्या आंध्रासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये याच शहरात, मैलापूरच्या एका घरात वारले. १९५३ साली आंध्र झाला, मद्रास तमिळांकडे राहिलं आणि राजधानी कर्नूलला गेली. मुंबई आपल्याला मिळाली, म्हणून तेलुगूंची ही खंत आपल्या लक्षात येत नाही. तरीही पंचविशी उलटल्यावर त्याच शहरात तमिळ-तेलुगू घरांच्या भांडणाचा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला.

‘मरो चरित्र’ हिंदीत ‘एक दूजे के लिये’ म्हणून आणताना खरा वाद झाला तो नायकाच्या गाण्याच्या आवाजावरून. बालचंदरना एस. पी. बालसुब्रमण्यम हवे होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल कां-कूं करत होते. मद्रासी गळ्यातून हिंदी उच्चार कसे येणार? बालसुब्रमण्यम यांनीच पुढे मुलाखतींत सांगितलं की बालचंदर अडून बसले. नायकाला हिंदी येत नाही, मग गाणाऱ्याचे उच्चार थोडे इकडेतिकडे झाले तर ते भूमिकेला शोभूनच दिसतील! या चित्रपटासाठी बालसुब्रमण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लिफ्टमधलं गाणं पुन्हा ऐका. आनंद बक्षींनी ते हिंदी चित्रपटांची नावं एकापुढे एक ठेवून रचलंय. ज्याला भाषा येत नाही, त्याच्याकडे पोस्टरवरची नावं तर असतात. सोबत अनुराधा पौडवाल. ‘पडोसन’मध्ये मेहमूदने रंगवलेल्या मद्रासी गुरुजीला लोक १३ वर्षं हसत होते, आता मद्रासी मुलगाच नायक होता.

एक प्रसंग मात्र मी दर वेळी थांबवून, मागे नेऊन बघते. सपनाची आई वासूचा फोटो जाळते. सपना ती राख चहात कालवते आणि आईच्या डोळ्यांत डोळे घालून पिऊन टाकते. सपना झालेल्या रतीची तारीफ सगळेच करतात. माझी नजर असते ती आईकडे. त्या शुभा खोटे. नंदू खोटेंची मुलगी, दुर्गा खोटेंची पुतणी, ‘शोले’तल्या कालियाची म्हणजे विजू खोटेंची बहीण, तरुणपणी सायकल शर्यतींची विजेती, ‘सीमा’पासून हिंदीत. मेहमूदबरोबरच्या विनोदी जोडीने त्यांच्यावर जो शिक्का बसला तो त्यांनी इथे पुसून टाकला. राग आणि अविश्वास यांच्या मधोमध त्यांचा चेहरा क्षणभर अडकतो. मोठ्या पडद्यावर तो निसटला होता.

दुसऱ्या घरातले, वासूचे वडील म्हणजे पूर्णम विश्वनाथन, एके काळी दिल्लीहून आकाशवाणीच्या तमिळ बातम्या वाचणारा आवाज. या दोघांचं कुंपणावरचं भांडण मला प्रेमप्रसंगांहून जास्त आवडतं. दोघांनाही आपलंच खरं वाटत असतं.

माझी तक्रार गोव्याबद्दल. ‘मरो चरित्र’मध्ये विशाखापट्टणमची बोली, माणसं, गल्ल्या होत्या. हिंदीत कथा गोव्यात नेली आणि गोव्याकडून घेतला तो फक्त समुद्र. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाला तेव्हा १४ वर्षं झाली होती. महाराष्ट्रात जायचं की नाही, मराठी की कोंकणी, यावरून तिथे घराघरांत अबोले झाले होते, आणि राजभाषेचा निकाल लागायला १९८७ उजाडायचं होतं. भाषेवरून दोन घरं एकमेकांना पाण्यात पाहतात, ही गोष्ट सांगायला भारतात याहून योग्य जागा नव्हती. पण वासू-सपनाच्या शेजारी कोंकणी किंवा मराठी बोलणारं घर ठसठशीत असं एकही नाही. बालचंदरसारख्या चौकस माणसाच्या नजरेतून हे सुटलं याचं मला नवल वाटतं. आणि दोना पावलाच्या धक्क्यावर पर्यटकांना वासू-सपनाची गोष्ट ऐकवणारे गाईड आजही भेटतात. ती सांगतात हिंदीत.