नेब्रास्काबाहेरचं नेब्रास्का

नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, म्हणजे ‘कॉर्नहस्कर्स’चं, घरचं मैदान लिंकन शहरात आहे. नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपत आली आहेत. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम २० लाख. सामन्याच्या शनिवारी ८५ हजारांच्या आसपास माणसं मैदानात बसतात आणि त्याहून मोठी शहरं राज्यात दोनच, ओमाहा आणि खुद्द लिंकन. आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्याला खेळाडूंचे मित्र तेवढे येतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो.

मला जास्त कुतूहल आहे ते मैदानात नसलेल्यांचं. शेतीवर जगणाऱ्या या राज्यातून तरुण मुलं नोकरीसाठी बाहेर पडतच आली. १९८० च्या दशकात कर्ज आणि पडलेल्या भावांनी शेतकरी कुटुंबं मोडली, तेव्हा तर आणखीच. कुणी डेन्व्हरला गेलं, कुणी फिनिक्सला, कुणी शिकागोला. राज्यात मोठा व्यावसायिक संघ एकही नव्हता. अभिमानाने सांगावं असं जे होतं, ते विद्यापीठाच्या या संघाच्या खेळात होतं.

पण लांबून बघायचं कसं? १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाविरुद्धचा ३५-३१ चा विजय साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला, पण असे योग क्वचित येत. कुठला संघ टीव्हीवर किती वेळा दिसणार, हे महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए ठरवत असे. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. पुढे केबल आली, डिश आली, आणि परमुलखातल्या बारमध्ये शनिवारी संघाच्या लाल शर्टांची गर्दी होऊ लागली.

नशीब असं की तेव्हा संघही जोरात होता. टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ प्रशिक्षक होते. २५ हंगाम, २५५ विजय, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन विजेतेपदं. सप्टेंबर २००० मध्ये इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानात एवढे लाल शर्ट घुसले की यजमानांना आपल्याच लोकांनी तिकिटं विकल्याची लाज वाटली. सामनाही पाहुण्यांनीच मारला, २७-२४.

इथून पुढे उतार. २००३ मध्ये नऊ जिंकून तीन हरलेल्या प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढलं. २०१४ मध्ये तसाच हिशेब असलेल्या बो पेलिनींनाही. या घाईत बाहेरच्या चाहत्यांचाही हात असावा, असं मला वाटतं. पन्नास वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेलेल्या माणसाच्या डोक्यात पुणं अजून सायकलींचंच असतं, तसा यांच्या डोक्यातला संघ ऑस्बोर्नचाच राहिला. त्याच्याशी तुलना झाली की नऊ विजय म्हणजे नापास.

२०११ मध्ये संघ ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या लीगमध्ये गेला. शिकागोवाल्यांची चंगळ झाली. तिथल्या जवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं मैदान ते लाल करून टाकू लागले. डॅलस आणि डेन्व्हरवाल्यांच्या जवळचे सामने मात्र गेले. २०१८ मध्ये सगळ्यांनी स्कॉट फ्रॉस्टवर आशा लावली. लिंकनमध्ये जन्मलेला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, बाहेर नाव कमावून प्रशिक्षक म्हणून घरी परतलेला. बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला आपणच परत चाललोय असं वाटलं असणार. २०२१ मध्ये त्याचा संघ नऊ सामने हरला आणि एकाही पराभवात दहा गुणांचं अंतर नव्हतं. सणसणीत मारापेक्षा हा छळ वाईट. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यालाही घरी पाठवलं.

विशेष म्हणजे याच पडत्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला त्या फुटबॉलच्या मैदानात ९२,००३ माणसं जमली.

डिसेंबर २०२४ मध्ये फुटबॉल संघाने बॉस्टन कॉलेजला २०-१५ असं हरवलं. २०१६ नंतर प्रथमच हंगामअखेरच्या ‘बोल’ सामन्यात जागा मिळाली होती, तीही न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये. नव्वदच्या दशकात असल्या सामन्याकडे नाक मुरडणारी मंडळी आता त्यावर खूश होती.