सात म्हणाले की साठ?

कामोठ्यातल्या एमजीएम रुग्णालयात 2020 मध्ये कोविडचे रुग्ण दाखल होत होते, तेव्हा मुंबई-पनवेल पट्ट्यातल्या डॉक्टर-सिस्टरांना एका साध्या गोष्टीने छळलं. समोरच्याचं बोलणंच कळेना. तोंडावर एन-95, त्यावर फेसशील्ड, कानांवरून हूड. पीपीई किटवर मार्करने नाव लिहिलं नाही, तर कोण कुठला तेही समजत नसे.

ऑपरेशन थिएटर तर एरवीही शांत नसतं. मॉनिटरची पींपीं, सक्शनची घरघर. हाडाच्या ऑपरेशनमध्ये हातोडा पडला की आवाज क्षणभर 100 डेसिबलच्याही वर जातो. साधं बोलणं असतं 60च्या आसपास.

मास्क सगळा आवाज सारखा दाबत नाही, खरी मेख इथे आहे. 2000 ते 7000 हर्ट्झच्या पट्ट्यात साधा मास्क तीन-चार डेसिबल खातो, एन-95 जवळजवळ 12. म्हणजे तिथली ऊर्जा सोळाव्या हिश्शावर येते. स्वरांचा जोर बहुतेक याच्या खाली, म्हणून ते निसटतात. मार बसतो व्यंजनांना. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक एका व्यंजनाचा, पण औषधाच्या मात्रेत तो केवढा! त्यात ओठ झाकलेले. आपण डोळ्यांनीही ऐकतो. मॅगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी 1976 मध्ये ‘बा’च्या आवाजाला ‘गा’ म्हणणारे ओठ जोडले, तर बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा’ ऐकू आलं.

मग माणूस ओरडतो. गोंगाटात आवाज आपसूक चढतो, हे फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी 1911 मध्येच नोंदवलं होतं. पण ओरडून फुगतात ते स्वर. व्यंजनं बिचारी मागेच राहतात.

हेडसेट, गळ्याला लावायचे माइक आहेत. मला मात्र भरवसा वाटतो तो फुकटच्या उपायाचा.

‘सिस्टर, साठ. सहा-शून्य.’

‘साठ, सर. सहा-शून्य.’

‘बरोबर.’

हे ‘बरोबर’ येईपर्यंत सुई टोचायची नाही. वैमानिकही आदेश असाच परत म्हणून दाखवतात.

असंच विचारून खात्री करायला लावणारी जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी यादी 2008 मध्ये आली. तिच्यामागचे डॉ. अतुल गावंडे यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8वर आलं. यादीची सुरुवात रुग्णापासूनच होते: नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं. तेव्हा भूल देण्याआधी मास्कआडून कुणी तिसऱ्यांदा नाव विचारलं, तर वैतागू नका. स्पष्ट सांगा, आणि आडनावासकट सांगा.