साठीनंतरची सायकल आणि ‘अरे’ म्हणणारे मित्र

मराठीत माणसाचे वय त्याला मारल्या जाणाऱ्या हाकेवरून ओळखता येते. शाळेत प्रकाशचा ‘पक्या’ होतो, विनायकचा ‘विन्या’ होतो. कुणी लंगडत चालला म्हणून, कुणी सदैव पळत सुटतो म्हणून, तर कुणी एकदा झाडावरून पडला म्हणून त्याला नवेच नाव चिकटते आणि जन्मभर सुटत नाही. पुढे नोकरी, संसार आणि मुले आली की त्याच पक्याचा ‘प्रकाशराव’ होतो, मग अण्णा, मग गुरुजी, मग आजोबा. साठीच्या सुमारास जवळजवळ सारे जग ‘अहो’ म्हणू लागते. हा मान असतो हे खरे. परंतु त्यात एक एकटेपणही असते. ‘अरे’ म्हणण्याचा अधिकार ज्यांना होता ते आईवडील गेलेले असतात आणि उरतात ते चारदोन बालमित्र. उतारवयात सायकलवरून लांबचा पल्ला गाठण्याची जिद्द अनेकदा या चारदोघांच्या जोरावर उभी राहते, ती का, हे समजून घेण्यासारखे आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे सर्वदूर परिचित आहे. या भागात जी पिढी आज साठीच्या पुढे आहे, तिचे बालपण सायकलीनेच वाढवले. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, दांडीखालून पाय घालून घेतलेले पहिले धडे, कॅरिअरवर दुधाची कॅन किंवा डबलसीट बसलेला मित्र, ही मराठवाड्यातील त्या काळाची सार्वत्रिक चित्रे होत. याच पिढीने तिशीच्या आसपास असताना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप पाहिला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद रस्ते आणि सरळ रांगांत आखलेली ही गावे जुन्या गावठाणांपेक्षा कितीतरी पसरट होती. जुनी गल्ली गेली, तिच्याबरोबर ओट्यावरचे शेजारही विखुरले. अशा ठिकाणी गल्लीतले टोपणनाव ही केवळ गंमत राहत नाही. जिच्यात ते ठेवले गेले ती जागा आता नाही. ते नाव उच्चारणारी माणसे मात्र आहेत.

सायकलीच्या जगातही टोपणनावांची परंपरा मोठी आहे. बेल्जियमचा एडी मर्क्स ‘नरभक्षक’ म्हणून ओळखला गेला, फ्रान्सचा बर्नार हिनॉल्ट ‘बिज्जू’ म्हणून, इटलीचा मार्को पांतानी ‘समुद्री चाचा’ म्हणून. ही नावे जिंकणाऱ्यांची. उतारवयातील सायकलस्वाराला जवळचे वाटावे असे नाव मात्र दुसरेच आहे. १८५३ मध्ये जन्मलेले फ्रान्समधील पॉल द व्हिवी मूळचे रेशमाचे व्यापारी. १८८७ मध्ये त्यांनी सेंट एटिएन येथून सायकलींविषयीचे नियतकालिक सुरू केले. त्यात ते ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत आणि पुढे तेच नाव जगाने घेतले. त्यांच्याभोवती मित्रांचा एक मेळा जमला. शर्यत न लावता, सोबतीने लांबचे घाट चढणे हा त्यांचा छंद होता आणि स्वतः व्हेलोसिओ साठीनंतरही तो चालवीत राहिले. त्यांच्या सन्मानार्थ सेंट एटिएनजवळच्या घाटात १९२२ पासून वार्षिक चढाई होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते.

घाटात गिअर बदलता यावा, यासाठी व्हेलोसिओंनी आयुष्यभर आग्रह धरला. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांना तो मान्य नव्हता. बदलते गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे, असे त्यांनी उपहासाने लिहिले आणि आपल्या शर्यतीत गिअर बदलणारी यंत्रणा १९३७ पर्यंत येऊ दिली नाही. काळाने न्याय उलटा केला. आज वीस वर्षांचा स्पर्धकही गिअरवाचून घाटाकडे पाहत नाही. पंचेचाळिशीपुढच्यांची म्हणून हिणवलेली सोय सर्वांची झाली, ही गोष्ट गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेल्या कोणालाही सुखावणारी आहे.

व्हेलोसिओंनी प्रवासाचे काही नियमही घालून दिले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, पहिल्याच तासांत सारी ताकद खर्चू नये आणि केवळ प्रौढी मिरवण्यासाठी पायडल मारू नये, असा त्यांचा आशय. यातला तहानेचा नियम वयस्करांसाठी अक्षरशः खरा आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी कमी पडलेले असते, पण घसा ते सांगत नाही. मराठवाड्यात मार्चनंतर पारा चढू लागतो तेव्हा ही गोष्ट जिवाशी येऊ शकते. शेवटचा नियम पाळणे मात्र एकट्याला अवघड जाते, कारण प्रौढी मिरवण्याची हौस साठीनंतर कमी होत नाही, उलट वाढते. येथे टोपणनावाचा उपयोग होतो. गावाच्या दृष्टीने जे ‘प्रकाशराव’ आहेत, त्यांना ‘आता माझ्याने होत नाही’ असे चारचौघांत म्हणायला जड जाते. ‘पक्या’ला ते म्हणताना काहीच वाटत नाही. तो दहावीत गणितात नापास झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यापुढे त्याने काय लपवायचे? छातीत दुखते हे वेळीच बोलून दाखवणारा आणि थट्टेच्या भीतीने न बोलणारा, यांतला फरक कधीकधी प्राणांचा असतो.

लांब पल्ल्याच्या सायकलींचे ‘ब्रेव्हे’ हे जे प्रकार आता पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई येथे रुजले आहेत, त्यांची रचनाही या वृत्तीला पोषक आहे. या चळवळीचे ‘ऑडॅक्स’ हे नावसुद्धा एक टोपणनावच. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलपटूंनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर एका दिवसाच्या उजेडात कापण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना ‘धाडसी’ अशा अर्थाचे हे लॅटिन विशेषण लावले गेले. ब्रेव्हे ही शर्यत नसते. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. वाटेतील ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची आणि मुदतीत पोहोचायचे, एवढेच. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर म्हणजे चहापाणी व पंक्चर धरून ताशी सरासरी १५ किलोमीटर. वेगाचा हा आकडा भीतिदायक नाही. भीती असते ती तेराव्या तासाची. या परंपरेचा कळस असलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची यात्रा चार वर्षांतून एकदा होते. ती २०२३ मध्ये झाली.

महाराष्ट्रात अशा जिद्दीची उदाहरणे आहेत. पुण्याच्या निरुपमा भावे या गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका. लांबच्या सायकलप्रवासाला त्यांनी सुरुवात केली ती पन्नाशीनंतर, वाघा ते आग्रा या मोहिमेने. आणि सत्तरीत त्यांनी पुण्याहून कन्याकुमारी गाठली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केले.

शरीरशास्त्र याविषयी काय सांगते? वयानुसार हृदयाची कमाल गती आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते, हे निर्विवाद. परंतु ही घसरण अटळ वेगाने होत नाही. फ्रान्सच्या रोबेर मार्शाँ यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, एका तासात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली आणि दोन वर्षांनी २६.९२७ किलोमीटर. त्या दरम्यान संशोधकांनी आखून दिलेल्या सरावामुळे त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ३१ वरून ३५ मिलिलिटरवर गेली. शंभरीनंतर वाढ! एका माणसाच्या नोंदीवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हेही खरे. सायकलीने गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही, म्हणून ती वयस्करांना मानवते. त्याच कारणाने हाडांना मात्र तिचा फारसा लाभ होत नाही, तेव्हा चालणे सोडू नये.

माकणीसारख्या गावातून सुरुवात करणाऱ्याला महागडी सायकल लागत नाही. आधी डॉक्टरकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. पहिले काही आठवडे पहाटे धरणाच्या बाजूने दहा-पंधरा किलोमीटर, मग सास्तूर, मग लोहारा आणि पुढे हिवाळ्यात एखाद्या रविवारी तुळजापूरची वाट. उन्हे चढण्याआधी परतावे. वेग सर्वांत मागच्याच्या मानाने ठरवावा आणि त्याला पुढे ठेवावे. मागे ठेवले की तो एकटा पडतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. तो आला नाही, तर त्याच्या दारात उभे राहून त्याला जुन्या नावाने हाक मारावी. नातवंडांना आजोबांचे ते नाव बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा कळते.