जॅझच्या मेळ्यातील व्हायोलिन : जो व्हेनुटी

जॅझ म्हटले की सामान्य श्रोत्याच्या डोळ्यांपुढे पितळी वाद्ये उभी राहतात. ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन आणि त्यांच्यामागे ड्रम्सचा गजर! या कोलाहलात व्हायोलिनसारख्या सुकुमार कंठाच्या वाद्याने बसावयाचे कोठे? न्यू ऑर्लीन्स शहरातील आरंभीच्या नृत्यमेळ्यांत व्हायोलिनवादक असे. किंबहुना मूळ चाल सांगण्याचे काम पुष्कळदा त्याच्याकडेच असे. परंतु मेळे जसजसे दणदणीत वाजू लागले, तसतसा त्याचा आवाज बुडाला. १९१७ साली ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ने ज्या तबकड्या काढल्या आणि ज्या जॅझच्या पहिल्या तबकड्या मानल्या जातात, त्यांत कॉर्नेट, ट्राँबोन, क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम्स एवढीच वाद्ये आहेत. व्हायोलिन तोवर पंक्तीतून उठून गेले होते.

ते पुन्हा मानाने पाटावर बसले, याचे श्रेय दोघांना द्यावे लागते. एक जो व्हेनुटी नावाचा वादक आणि दुसरा मायक्रोफोन.

व्हेनुटीचे मूळ नाव ज्युसेप्पे. आपल्या जन्माची साले आणि स्थळे त्याने निरनिराळ्या वेळी निरनिराळी सांगितली. कधी इटली, कधी भर समुद्रातील आगबोट. चरित्रकारांना त्यामुळे बराच मनस्ताप झालेला आहे. बहुतेकांनी १९०३ हे साल ग्राह्य धरले आहे. त्याचे बालपण मात्र फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागातील इटालियन वस्तीत गेले, याविषयी वाद नाही. तेथेच शाळेत त्याची गाठ साल्व्हातोरे मस्सारो या मुलाशी पडली. हा वाद्ये तयार करणाऱ्या कारागिराचा मुलगा. पुढे एडी लँग या नावाने तो गिटारवादक म्हणून प्रसिद्धीस आला. पण त्याचाही आरंभ व्हायोलिननेच झाला होता. इटालियन घरांतून संगीतशिक्षणाची जी जुनी रीत होती, तीत वाद्य हाती येण्यापूर्वी स्वरांची नावे घेऊन स्वरलिपी वाचावयास आणि गावयास शिकवीत. या सोल्फेजच्या अभ्यासाची ओळख गोव्यातील वाचकांना करून द्यावयास नको. चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या तेथील पॅरिश शाळांतून मुलांना नेमके हेच शिक्षण मिळे. व्हेनुटी आणि लँग हे दोघे मित्र मझुर्का, पोल्का असे नाच वाजवीत, आणि वाजविता वाजविता एकमेकांस कोपरखळी मारावी तशी चालीत काहीतरी भर घालीत. त्यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे बीज या खेळात होते.

आता मायक्रोफोनकडे वळावयाचे. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहून वाजवावयाचे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलावयाचा आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची. या यंत्राला व्हायोलिनचा आवाज पुरेसा ऐकू येत नसे. म्हणून लाकडी पोटाऐवजी धातूचा कर्णा बसविलेले ‘स्ट्रो व्हायोलिन’ नावाचे एक विचित्र वाद्य स्टुडिओंतून वापरीत. त्याचा आवाज पोहोचे खरा. पण त्यातील माधुर्य कोठे जाई कोण जाणे! १९२५ साली विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि गजाचा हलकासा स्पर्शही तबकडीवर उतरू लागला. नभोवाणीचा प्रसारही याच वर्षांत झाला. नृत्यगृहात जे वाद्य दोन हातांवर ऐकू येत नव्हते, ते आता घरोघरी ऐकू जाण्यासारखे झाले. व्हेनुटी न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत वावरू लागला तो नेमका याच सुमारास.

तेथील साजिंद्याचे काम सोपे नव्हते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे वादन मावे. तीन तासांच्या बैठकीत साधारणपणे चार बाजू उरकावयाच्या. चूक झाली तर ते मेण टाकून द्यावयाचे आणि पहिल्यापासून आरंभ करावयाचा, कारण मधलाच तुकडा दुरुस्त करण्याची सोय नव्हती. समोर आलेला कागद प्रथमदर्शनीच वाचता आला पाहिजे, आणि गायिकेच्या मागे आठ मात्रांची मोकळी जागा मिळाली तर तेवढ्यात आपले म्हणणेही मांडता आले पाहिजे. सोल्फेज आणि कोपरखळ्या, या दोन्हींचे शिक्षण लहानपणीच झालेल्या व्हेनुटीला हा व्यवसाय मानवला यात नवल नाही. रेड निकल्स, जीन गोल्डकेट, रॉजर वुल्फ कान, पॉल व्हाइटमन अशा अनेकांच्या मेळ्यांसाठी त्याने वाजविले. तबकडीवर नाव छापले जाई ते मेळ्याच्या चालकाचे. पुष्कळदा एकच मेळा निरनिराळ्या कंपन्यांसाठी निरनिराळी नावे धारण करी. साजिंद्यांची नावे कोठेच नसत. त्या काळातील कित्येक तबकड्यांवर व्हेनुटी वाजवीत आहे, हे अभ्यासकांनी पुढे केवळ कानांनी ओळखून काढले.

परंतु १९२६ साली त्याने आणि लँगने दोघांच्याच नावावर ‘स्ट्रिंगिंग द ब्लूज’ ही रचना मुद्रित केली, आणि साजिंदा उजेडात आला. एक व्हायोलिन, एक गिटार. ड्रम्स नाहीत, पितळ नाही. त्यापूर्वी गिटार म्हणजे ताल धरण्यापुरते वाद्य. लँगने त्याला खर्जाची वाट, मधल्या स्वरांचे भरीव गुच्छ आणि मध्येच उठणारी उत्तरे, अशी तिन्ही कामे दिली. त्यावर व्हेनुटीचा गज धावतो. त्याच्या वादनात कॅफेतील व्हायोलिनवादकाचा गळेपडू ओलावा नाही. स्वर नेमका लागतो आणि मात्रेच्या किंचित पुढे-मागे झोका घेतो. तान पूर्ण होते न होते तोच दुसऱ्या वाटेने निघते. आपल्याकडील सवाल-जबाबाची कल्पना मनात आणली तर या दोघांच्या वादनाचा अंदाज येईल. फक्त येथे सवाल करणारा आणि जबाब देणारा यांच्यातील वडील कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही. १९२७ पासून ‘ब्लू फोर’ या नावाने त्यांनी चौघांचा मेळा मुद्रित केला. त्यात एड्रियन रोलिनी याचे अवाढव्य बेस सॅक्सोफोन व्हायोलिनच्या शेजारी उभे राहिले. मायक्रोफोन मध्ये नसता तर हा हत्ती आणि हरणाचा संसार क्षणभरही टिकला नसता.

व्हेनुटीच्या एका करामतीचा खुलासा येथे केला पाहिजे. व्हायोलिनची घोडी कमानदार असते. म्हणून गजाखाली एका वेळी एक किंवा दोन तारा येतात. व्हेनुटी गजाचे केस एका टोकाशी सोडवी, गजाची काठी व्हायोलिनच्या पोटाखालून घेई आणि सैल केस चारही तारांवर लपेटून वाजवी. चार तारा एकदम बोलू लागत आणि एखादी छोटी हार्मोनियम वाजत असल्याचा भास होई. १९२७ च्या ‘फोर स्ट्रिंग जो’ या तबकडीचे नाव या करामतीवरूनच पडले. तिच्यात थोडी सर्कस आहे हे कबूल. पण त्या चार स्वरांच्या गुच्छातून तो जी हालचाल साधतो, ती सर्कशीत सापडावयाची नाही.

१९३० साली व्हाइटमनच्या मेळ्यासह तो आणि लँग ‘किंग ऑफ जॅझ’ या रंगीत बोलपटात झळकले. १९३१ च्या ऑक्टोबरात दोघांनी बेनी गुडमन आणि जॅक टीगार्डन यांना बरोबर घेऊन चार बाजू मुद्रित केल्या. त्या आजही जाणकारांच्या आवडत्या आहेत.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतील आणि नभोवाणीवरील कायमची कामे जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या वादकांसाठी राखलेली होती. एडी साउथ हा कृष्णवर्णीय वादक अभिजात संगीतात मुरलेला; परंतु वर्णभेदामुळे तेथील दरवाजे त्याला बंद होते. १९३७ साली पॅरिसमध्ये स्तेफान ग्राप्पेली आणि जँगो राइनहार्ट यांच्यासह त्याने बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कंचेर्तोवर जॅझ वाजविले. ते ऐकले म्हणजे अमेरिकेने काय गमावले ते कळते. स्टफ स्मिथने दुसरा मार्ग काढला. त्याने १९३६ च्या सुमारास आपल्या व्हायोलिनला विजेची जोड दिली आणि ट्रंपेटला थेट टक्कर दिली. खुद्द लँगला कृष्णवर्णीय गिटारवादक लॉनी जॉन्सन याच्याबरोबर मुद्रण करावयाचे होते, तेव्हा तबकडीवर ‘ब्लाइंड विली डन’ असे खोटे नाव घालावे लागले. गोऱ्या आणि काळ्या वादकांची नावे एका तबकडीवर शेजारी छापण्याची छाती त्या बाजारपेठेत नव्हती.

१९३३ च्या मार्चमध्ये घशातील गाठींची शस्त्रक्रिया झाल्यानंतर लँग मरण पावला. वय अवघे तीस. व्हेनुटीला पुन्हा तसा जोडीदार मिळाला नाही. गंमत अशी की, दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये ग्राप्पेली आणि राइनहार्ट यांचा जो प्रख्यात तंतुवाद्यांचा पंचक स्थापन झाला, त्याच्यापुढे व्हेनुटी-लँग यांच्या तबकड्यांचा आदर्श होता. स्वतः व्हेनुटीने १९३५ पासून काही वर्षे स्वतःचा मोठा मेळा चालविला. पण दौरे, हिशेब आणि शिस्त यांत त्याचे मन रमणारे नव्हते. के स्टार ही पुढे नावारूपास आलेली गायिका मात्र शाळकरी वयात त्याच्याच मेळ्यात गाऊ लागली. महायुद्धाच्या काळात मेळा मोडला आणि तो हॉलिवूडला जाऊन चित्रपटांच्या स्टुडिओत पुन्हा साजिंदा झाला. बिंग क्रॉस्बीच्या नभोवाणी कार्यक्रमात त्याचा आवाज ऐकू येई. पण त्याच्या थट्टेच्या कथा त्याच्या व्हायोलिनपेक्षा अधिक गाजू लागल्या. शहरातील डझनावारी बेसवादकांना त्याने एका रस्त्याच्या कोपऱ्यावर आपापली धूडे घेऊन एकाच वेळी बोलाविले, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मद्यानेही त्याचा पिच्छा पुरविला. १९६० च्या सुमारास तरुण रसिकांना तो हयात आहे हेही ठाऊक नव्हते.

स्टुडिओतील साजिंद्याच्या नशिबी येणारी ही अज्ञातता मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही कमी नव्हती. सोल्फेज शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांनी रात्री हॉटेलांतून जॅझ वाजविले आणि दिवसा चित्रपटगीतांना वाद्यमेळ पुरविला. त्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली. मजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून.

व्हेनुटीला त्याचे नाव परत मिळाले ते साठीनंतर. १९६७ साली कोलोराडोतील डिक गिब्सन या रसिकाने भरविलेल्या जॅझच्या संमेलनात त्याने वाजविले आणि जमलेले वादक थक्क झाले. पुढच्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात आला. १९६९ साली पॅरिसमध्ये ग्राप्पेली आणि तो एकत्र मुद्रित झाले. ज्याच्या तबकड्या ऐकून ग्राप्पेली घडला, त्याच्या शेजारी उभे राहून वाजविण्याची संधी त्याला चाळीस वर्षांनी मिळाली. त्यानंतर सॅक्सोफोनवादक झूट सिम्स, पियानोवादक अर्ल हाइन्स आणि डेव्ह मकेना यांच्याबरोबर तबकडीमागून तबकडी निघाली. या मुद्रणांत १९२६ चा वेग पूर्वीसारखा नाही. परंतु संथ लयीत गज तारेवर टेकवून स्वर मोठा करीत नेण्याचे जे बळ येथे आढळते, ते त्याच्या तरुणपणच्या वादनात नव्हते. तीन मिनिटांची मर्यादाही आता उरली नव्हती. मकेनासमवेतची तबकडी १९७७ सालची. १४ ऑगस्ट १९७८ रोजी सिॲटल येथे व्हेनुटी मरण पावला, तेव्हा दुकानांत मांडलेल्या त्याच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर त्याचेच नाव मोठ्या अक्षरांत छापलेले होते.