इंजिनातून ‘टक-टक’ आवाज येतोय? घट्ट ऑइल टाकण्याआधी हे समजून घ्या

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून शिलाई मशीनसारखी टक-टक ऐकू येते. गॅरेजमध्ये नेल्यावर मेकॅनिक दोन मिनिटं कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, “टॅपेट वाजतायत साहेब. जरा घट्ट ऑइल टाकू, आवाज बंद होईल.”

बऱ्याचदा आवाज खरंच कमी होतो. पण आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, असं नाही. कधी घट्ट ऑइलने फक्त दुखणं झाकलं जातं, तर कधी ते वाढतं. कोणत्या वेळी काय होतं, हे ठरतं आवाज कधी येतो त्यावरून.

टॅपेट वाजतात म्हणजे काय?

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांना उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून या दोघांच्या मधल्या भागांत अगदी बारीक फट ठेवावी लागते. फट जास्त झाली की भाग एकमेकांवर आपटतात आणि टक-टक सुरू होते.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत आणि अनेक मोटरसायकलींत ही फट मेकॅनिक फीलर गेज लावून, स्क्रू फिरवून ठेवतो. यालाच आपण ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतो. अशा इंजिनात आवाज आला तर उपाय सेटिंगचा आहे, ऑइलचा नाही.

हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या इंजिनांची गोष्ट वेगळी. स्विफ्ट डिझेल आणि इंडिका व्हिस्टामध्ये आलेलं, पुण्याजवळ रांजणगावातही बनलेलं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन याच प्रकारचं. लिफ्टर म्हणजे सिरिंजसारखी छोटी नळी आणि तिच्यात सरकणारा दट्ट्या. इंजिनाच्या दाबाने आत ऑइल भरतं, दट्ट्या वर येतो आणि फट आपोआप भरून निघते. ऑइल कमी पोहोचलं किंवा त्यात हवा शिरली की दट्ट्या दबतो आणि वाजायला लागतो.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

‘५डब्ल्यू-३०’ मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. ३० पेक्षा ४० घट्ट, ४० पेक्षा ५० आणखी घट्ट.

“आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याचं काय?” असं अनेकांना वाटतं. पण इंजिनासाठी पुण्यातली साधी सकाळसुद्धा थंडच असते. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांवरही १०० अंशांच्या तुलनेत साधारण सहापट घट्ट असतं. २०डब्ल्यू-५० त्याच ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून घट्ट भरतं.

आवाज कधी येतो, ते आधी ऐका

सुरू करताना दोन-चार सेकंद: रात्रभरात लिफ्टरमधलं ऑइल खाली उतरतं. ते पुन्हा भरेपर्यंत थोडा आवाज येणं बहुतेक वेळा सामान्य आहे.

थंड इंजिनात बराच वेळ: इथे घट्ट ऑइल उलटं काम करतं. ते वर पोहोचायलाच उशीर लागतो आणि तेवढा वेळ वरचे भाग ऑइलविना घासले जातात. शिफारस केलेल्यापेक्षा घट्ट ऑइल आधीच भरलेलं असेल, तर योग्य ग्रेडवर परत येणं हाच उपाय.

तापल्यावर, सिग्नलला उभं असताना: तापलेलं ऑइल पातळ होतं आणि आयडलिंगला पंपाचा दाब सगळ्यात कमी असतो. जुन्या इंजिनात बेअरिंग झिजली असतील तर तो दाब आणखी घटतो. अशा वेळी ३० ऐवजी ४० चं ऑइल खरोखर मदत करू शकतं, पण गाडीच्या पुस्तिकेत तो ग्रेड दिलेला असेल तरच. आणि झीज तशीच राहते, हे विसरू नका. प्रेशर गेज लावून दाब तपासून घेणं शहाणपणाचं.

थंड-गरम कधीही, एकाच जागेवरून: एखादा लिफ्टर गाळाने अडकला असेल किंवा झिजला असेल. इथे ग्रेड बदलून फारसा फरक पडत नाही.

ग्रेड बदलण्याआधी स्वस्तातल्या तपासण्या

• सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी कमी असेल तर आवाज येतोच, पण खुणेपेक्षा जास्त भरलं तरी येतो. फिरती क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो आणि लिफ्टरमध्ये हवा शिरते.

• फिल्टर कोणता आहे ते पाहा. बऱ्याच फिल्टरमध्ये रबराची झडप असते. ती बंद इंजिनात ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या दर्जाच्या फिल्टरमध्ये ती नीट बसत नाही आणि रोज सकाळी टक-टक होते.

• ऑइल बदलायची तारीख उलटली असेल तर आधी योग्य ग्रेडचं नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाला. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं.

घट्ट ऑइल भरलंच, तर?

मायलेज थोडं घटू शकतं. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी आधुनिक यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, तिचं काम मंदावू शकतं. डीपीएफ असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिथे ‘जासो एमए’ मानांकन लागतं. म्हणजे घट्टपणा जुळला तरी ऑइल चुकीचं असू शकतं.

केव्हा थांबायचंच?

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. टक-टक ऐवजी खोल ‘ठक-ठक’ येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती वाढत असेल, तर तो टॅपेटचा नाही, बेअरिंगचा आवाज असू शकतो. इथे घट्ट ऑइल घालून आवाज दाबला, तर काही हजारांत भागणारं काम पूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाऊ शकतं.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये “घट्ट ऑइल टाकू का?” असं विचारलं, तर उलट विचारा, “आवाज थंडीत येतोय की तापल्यावर? आणि डिपस्टिक पाहिली का?”