आधी नाटक, मग नाट्यगृह

कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो गावाजवळ, थेट समुद्रावर झुकलेल्या कड्यात मिनॅक थिएटर आहे. ग्रॅनाइटच्या उतारावर बैठका, तळाशी रंगमंच आणि मागे पडद्याच्या जागी समुद्र. पण इथे आधी नाटक आलं, नाट्यगृह नंतर.

1929 मध्ये परिसरातल्या हौशी मंडळींनी जवळच्या क्रीन इथल्या कुरणात शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' उघड्यावर केलं. लोकांना आवडलं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा केलं. मग 'द टेम्पेस्ट' करायचं ठरलं. वादळ आणि बेटाच्या या नाटकाला कुरण कसं पुरणार? मंडळींसाठी कपडे शिवणाऱ्या रोवेना केड यांनी आपल्या बागेखालचा कडा देऊ केला. 1931-32 च्या हिवाळ्यात त्या, त्यांचा माळी बिली रॉलिंग्ज आणि त्याचा सोबती अँगोव्ह कामाला लागले. दगड हातांनी फोडायचे आणि कड्याच्या अगदी काठावरून सरकवत जागेवर बसवायचे. त्या दोघांना हे काम येत होतं. घरमालकीण त्यांच्या हाताखाली राबत होती. 1932 च्या उन्हाळ्यात मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात 'द टेम्पेस्ट' झालं.

तेव्हा प्रेक्षकांसाठी जेमतेम ओबडधोबड बैठका होत्या. पुढे दर हिवाळ्यात थोडी भर पडत गेली. मग युद्ध आलं, किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या. 1944 च्या 'लव्ह स्टोरी' चित्रपटाचं चित्रीकरण इथे सुरू झालं खरं, पण हवामानापुढे हात टेकून मंडळी स्टुडिओत परतली. वाऱ्या-पावसाची ही अडचण मिनॅकला कायमचीच आहे.

युद्धानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ग्रॅनाइट घडवणं आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा केडबाईंनी सिमेंट हाताशी धरलं. खालच्या किनाऱ्यावरची वाळू पोत्यांत भरून त्या पाठीवरून वर आणत. सिमेंट ओलं असतानाच जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्यावर केल्टिक वेलबुट्टी कोरत. बैठकांच्या पाठींवर तिथे झालेल्या नाटकांची नावं आणि सालं कोरलेली आहेत. बसायच्या जागाच या रंगभूमीचं दप्तर झाल्या. वयाच्या ऐंशीनंतरही त्यांचं बांधकाम चालू होतं. 1976 मध्ये त्यांनी हे नाट्यगृह एका धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या हवाली केलं आणि 1983 मध्ये, नव्वदीला काही महिने उरले असताना, त्या गेल्या. केडबाईंचं नाव सर्वतोमुखी झालं, ते रास्तच. रॉलिंग्ज आणि अँगोव्ह यांची नावंही तितक्याच आदराने घेतली पाहिजेत.

आपल्या वस्तीतल्या बागेत खुला रंगमंच व्हावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांना एकच सांगणं आहे: आराखडा आणि निविदा काढण्याआधी त्या उतारावर सतरंज्या अंथरून एक नाटक करा. आवाज कुठवर पोचतो, वारा कुठून येतो, लोक आपणहून कुठे बसतात, ते बघा आणि मगच पहिली पायरी बांधा.