वाळू किती गरम आहे?

अंड्यातले पिल्लू नर होणार की मादी, हे कधी ठरते? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. दहावीची मुले लगेच गुणसूत्रांवर येतील. कोंबडीपुरते ते बरोबर आहे. बहुतेक कासवांच्या बाबतीत मात्र अंडे घातले जाते तेव्हा काहीच ठरलेले नसते. भोवतालची वाळू किती उबदार आहे यावर ते ठरते, तेही उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. पुष्कळ जातींत वाळू थंड असली तर नर निपजतात, गरम असली तर माद्या; आणि मधले अंतर काही थोड्या अंशांचेच असते. (मऊ पाठीची कासवे याला अपवाद. त्यांच्यात गुणसूत्रांचेच राज्य चालते.)

एखादी जात नामशेष होण्याच्या बेतात येते आणि माणूस तिची अंडी उबवायला घेतो, तेव्हा हे दोन-चार अंश फार महत्त्वाचे ठरतात. समुद्री कासवांची अंडी पूर्वी काही ठिकाणी थर्मोकोलच्या पेट्यांत उबवत. पेटीतली वाळू किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा थंड राहते. अशाने आपण नुसते नरच तयार करत बसू, असा इशारा म्रोसोव्स्की आणि यंटेमा या शास्त्रज्ञांनी १९८० साली दिला.

आता सुंदरबनातले बाटागुर बास्का हे कासव घेऊ. हे नद्यांच्या मुखाशी, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहते. तरी त्याची गणना गोड्या पाण्याच्या कासवांतच होते. पाठ सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते. पुढच्या पायांना पाचाऐवजी चारच नख्या असतात. विणीच्या हंगामात नराचे डोके काळेभोर होते, मान आणि पुढचे पाय किरमिजी दिसू लागतात. मांसासाठी आणि अंड्यांसाठी माणसाने याला इतके पकडले की निसर्गात ते शोधूनही सापडेनासे झाले. २००८ साली व्याघ्र प्रकल्पातल्या सजनेखाली येथील तळ्यात जेमतेम डझनभर कासवे आढळली. त्यात माद्या अगदी मोजक्या. तळ्याकाठी वाळूचा उतार करून दिला, माद्यांनी त्यात अंडी घातली आणि २०१२ पासून पिल्ले मिळू लागली. आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे.

ही पिल्ले लगेच सोडत नाहीत. मासे, बगळे, घोरपडी यांच्या तोंडी जाणार नाहीत इतकी मोठी होईपर्यंत त्यांना तळ्यांत सांभाळतात. ‘अमुक इतकी पिल्ले सोडली’ अशा बातम्या वाचल्या की मला थोडी धास्तीच वाटते, कारण खरा हिशेब त्यापुढे सुरू होतो. तो फळ्यावर मांडता येईल. समजा, प्रौढ झालेल्या १०० माद्या आहेत. त्यांपैकी दरवर्षी ९५ टक्के जगतात. दहा वर्षांनी ६० उरतील. आता जाळ्यांमुळे हे प्रमाण ८५ टक्के झाले असे धरा. दहा वर्षांनी उरतात फक्त २०! कासव उशिरा वयात येते आणि मग वर्षानुवर्षे अंडी घालते. त्यातली फार थोडी तगतात, म्हणून प्रत्येक जुनी मादी मोलाची. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ब्लँडिंगच्या कासवांची अनेक वर्षांची निरीक्षणे तपासून जस्टिन काँग्डन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हेच दाखवले: मोठ्या कासवांचे मरण थांबले नाही, तर पिल्ले वाढवून सोडल्याने तूट भरून निघत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सुंदरबनात अशी दहा कासवे पाठीवर जीपीएस यंत्रे बसवून सोडली. तळ्यात वाढलेली कासवे मोठ्या नदीत काय करतील? बिथरून एका जागी बसतील, असे कुणालाही वाटावे. त्यांतली काही भरती-ओहोटीबरोबर खाड्यांमागून खाड्या ओलांडत थेट बांगलादेशात पोचली. कासवांना सीमा ठाऊक नसते. जाळी मात्र दोन्हीकडे आहेत. यांतली काही तिकडच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडली, आणि पाठीवरचे यंत्र पाहून ती कुठली हे कळले. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिले, तर ते माशासारखे तग धरत नाही, बुडून मरते. जाळे किती वेळाने ओढले जाते यावर ते जगणार की नाही हे अवलंबून असते.